उंबरठ्याच्या आत राज्यघटना केव्हा येणार?



आपल्या वस्त्यांतून एक समजूत फार बळावली आहे. ती अशी की, चळवळ ही चौकात असते आणि घर हे घराच्या जागी असते. चौकात निळा झेंडा, घोषणा, निवेदन आणि जिल्हाधिकारी कचेरीवरील मोर्चा; घरात मात्र आजोबांच्या काळी जे चालत होते तेच पुढे चालू. चौकात समतेच्या हक्काची गर्जना आणि घरात बहिणीकडून लिहून घेतलेले हक्कसोड पत्र. चौकात राज्यघटनेची प्रत उराशी धरलेली आणि घरात सुनेने तोंड उघडू नये असा दंडक. ही समजूत खोटी आहे एवढे म्हणून भागणार नाही. ती घातक आहे, आणि तिच्यामुळे आपण चौकातील लढाईही हरत आहोत, हे मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

मी व्यवसायाने वकील आहे. भातकुली आणि आसपासच्या गावांतील माणसे कागद घेऊन माझ्याकडे येतात. मोर्चा किती मोठा निघाला हे त्या कागदांत लिहिलेले नसते. पण मोर्चातून घरी परतल्यावर काय झाले, हे मात्र त्या कागदांवरून स्पष्ट वाचता येते. त्या अनुभवाच्या बळावर पुढील विवेचन करीत आहे.

बहिष्कार प्रथम चुलीवर पडतो

मार्च २०२४ मधील घटना आपल्या स्मरणात असेल. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील पांढरी खानमपूर या गावी प्रवेशद्वारास बाबासाहेबांचे नाव देण्यावरून वाद पेटला. तेथील बौद्ध कुटुंबांनी गाव सोडले. मुलेबाळे आणि म्हातारी माणसे बरोबर घेऊन, मुंबईस मंत्रालयापर्यंत जाण्याच्या निर्धाराने ती निघाली आणि अमरावतीस विभागीय आयुक्तांच्या कचेरीसमोर त्यांनी ठाण मांडले. पुढे ११ मार्च रोजी तेथे दगडफेक झाली, पोलिसांनी बळ वापरले, आणि वर्तमानपत्रांतून त्याच दगडांची चर्चा झाली. प्रवेशद्वाराचा प्रश्न कोणी, कसा सोडवावा यावर पुष्कळ लिहिले गेले. पण एक प्रश्न कोणी विचारला नाही. माणूस घराला कुलूप लावून मुलाबाळांसह रस्त्यावर येतो, तेव्हा त्याचा संसार कोणी उचलून आणलेला असतो? पाण्याचे भांडे, पीठ, तव्यापुरते सरपण, आजाऱ्याचे औषध, मुलाच्या शाळेचे दप्तर, हे सारे कोण गोळा करतो? ज्या दिवशी कुटुंबच्या कुटुंब रस्त्यावर येऊन बसते, त्या दिवशी घर आणि चळवळ यांच्यामधील भिंत आपोआप पडते. ती भिंत मुळात कधी नव्हतीच. फक्त आपल्याला ती दिसत होती.

आता बहिष्काराचा विचार करा. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब एक सभासद होते. अस्पृश्यांनी आपला हक्क बजावावयास सुरुवात केली की गावातील बलिष्ठ वर्ग सामाजिक बहिष्काराचे शस्त्र उपसतो, काम बंद करतो, दुकान बंद करतो, वाट बंद करतो, हे त्या समितीने १९३० च्या अहवालात नमूद करून ठेविले आहे. त्यास नव्वदांहून अधिक वर्षे लोटली. शस्त्र तेच आहे. त्याचा वार कोणत्या अंगावर पडतो, हे मात्र आपण नीट पाहत नाही.

चक्कीवाला दळण परत पाठवितो. किराणा दुकानदार उधारी बंद करतो आणि रोख देऊ म्हटले तरी माल नाही म्हणतो. दूध मिळेनासे होते. निंदणाला आणि कापूस वेचणीला इतर वस्तीतल्या बाया बोलाविल्या जातात, आपल्या नाही. आपला मुलूख खारपाणपट्ट्याचा; विहिरीचे पाणी खारट, म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी सारे गाव नळाच्या तोटीवर अवलंबून. त्या तोटीपाशी भांडे मागे सारले जाते. या प्रत्येक प्रसंगी समोर कोण उभे असते? घरातील स्त्री. बहिष्कार कोणत्या दिवशी सुरू झाला, दुकानदाराच्या तोंडचे शब्द कोणते होते, त्या वेळी तेथे आणखी कोण उभे होते, हे साऱ्या गावात तिला एकटीला ठाऊक असते.

पण तक्रार कोण लिहितो? घरातला कर्ता पुरुष, किंवा वस्तीतील कार्यकर्ता. तो लिहितो, “आमच्यावर गावाने बहिष्कार टाकला आहे, तरी न्याय मिळावा.” एक ओळ. न्यायालय या ओळीवर चालत नाही. न्यायालय विचारते, कोणी, केव्हा, कोठे, कोणत्या शब्दांत आणि कोणादेखत? अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली सुधारणा झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती अमलात आली. सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणे, किंवा तसा धाक घालणे, हा तिने स्वतंत्र गुन्हा ठरविला. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदाही केला. म्हणजे कायदा आहे, आणि पुरावाही आहे. तो स्वयंपाकघरात बसलेला आहे. आपण त्या पुराव्याला विचारीत नाही, कारण चळवळीचे काम पुरुषांचे अशी आपली धारणा आहे.

यावर कोणी म्हणेल, “आमच्या बायामाणसांनी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या का चढाव्या?” त्याला माझे उत्तर असे की, स्वतः फिर्याद द्यावयाची नसेल आणि साक्षीदार म्हणून सांगावयाचे असेल, तर त्या पायऱ्या चढण्याचे तिच्यावर बंधन नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे, साक्षीदार असलेल्या स्त्रीला तिच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र हजर राहण्यास पोलीस भाग पाडू शकत नाहीत. पूर्वीच्या फौजदारी संहितेतही हाच नियम होता. कायदा तुमच्या दाराशी चालत येण्यास बांधलेला आहे. दार उघडून तिला बोलू द्यावयाचे की नाही, हे तुमच्या हाती आहे.

खैरलांजीचे उदाहरण आठवून पाहा. भंडारा जिल्ह्यातील त्या गावी २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चार जीवांची हत्या झाली. सुरेखा भोतमांगे ही त्या घरची स्त्री आपल्या शेतासाठी झगडत होती आणि एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष देण्यास न भिता उभी राहिली होती. त्या हत्येनंतर साऱ्या महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. नोव्हेंबर २००६ मध्ये आपल्या अमरावतीत लोक रस्त्यावर आले, आणि पोलिसांच्या गोळीबारात एक जण प्राणास मुकला. रस्त्यावर आपण कमी पडलो नाही. परंतु २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना खुनाबद्दल दोषी ठरवूनही अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा सिद्ध झाला असे मानले नाही. तो निकाल आपल्याला पटला नाही, मलाही पटला नाही. पण त्यापासून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. जातीचा छळ एका संध्याकाळी उगवत नाही. तो वर्षानुवर्षे बांधावर, पाणवठ्यावर आणि दुकानाच्या फळीवर चाललेला असतो. त्या रोजच्या छळाची रोजच्या रोज नोंद झाली नाही, तर शेवटच्या दिवशी जात कोठे होती, असे विचारले जाते.

मोर्चाचे देणे कोण फेडतो?

मोर्चे व्यर्थ आहेत असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी काढू नये. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याची धार बोथट करणारा निकाल दिला. २ एप्रिल २०१८ रोजी देशभर बंद पाळला गेला. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात संसदेने कायद्यात कलम १८ अ घालून ती धार परत आणली, आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. रस्त्यावरील माणसांनी कायदा वाचविला, हे इतिहासात नोंदले गेले आहे.

परंतु त्या वर्षाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. ३ जानेवारी २०१८ चा महाराष्ट्र बंद असो वा असा कोणताही बंद असो, तो संपला की तरुण पोरांवर गुन्हे दाखल होतात. नेता पुढील सभेला निघून जातो. पोराच्या मागे तारखा लागतात. तारखेच्या दिवशी रोज बुडतो, एस.टी.चे भाडे जाते, जामीनदार शोधावा लागतो, नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत अडथळा येतो. हे देणे कोण फेडतो? त्याची आई निंदणाच्या मजुरीतून फेडते. त्याची बायको गळ्यातले गहाण ठेवून फेडते. मग मी विचारतो, ज्या बाईच्या मजुरीवर आपली चळवळ उभी आहे, तिला मोर्चा ठरविण्याच्या बैठकीत बसण्याचा अधिकार किती वस्त्यांनी दिला? मोर्चाच्या दिवशी पहाटे उठून भाकरी बांधणे हे तिचे कर्तव्य, आणि मागण्यांचा मसुदा करणे हे आपले, ही वाटणी कोणत्या धम्माने घालून दिली? वरच्यांनी विचार करावा आणि खालच्यांनी राबावे, या नियमाला आपण पिढ्यान्‌पिढ्या शिव्या दिल्या. तोच नियम आपण आपल्या ओसरीवर पाळीत असू, तर त्याला वर्णव्यवस्थेखेरीज दुसरे नाव नाही.

नागपूरच्या मंडपातील ठराव

घर आणि राजकारण वेगळे आहेत, हे बाबासाहेबांनी कधी मानले नाही. ज्या महाडच्या परिषदेत २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली, त्याच परिषदेच्या अखेरीस त्यांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. लुगडे कसे नेसावे, अंगावर कोणते दागिने घालू नयेत, घर कसे ठेवावे, मुलींना का शिकवावे, हे त्यांनी सांगितले. ग्रंथ जाळण्याच्या राजकारणाला लागूनच लुगड्याची गोष्ट आली, आणि ती कोणाला क्षुल्लक वाटली नाही. जमलेल्या स्त्रियांनी आपली नेसण्याची पद्धत तेथल्या तेथे बदलली.

आणि आपल्या वऱ्हाडाने तर याहून अभिमानाची गोष्ट केलेली आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. वीस ते पंचवीस हजार स्त्रिया तेथे जमल्या होत्या. त्या परिषदेच्या अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या मंडपात कोणते ठराव झाले? पत्नीला घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा. एका पुरुषाने अनेक बायका करण्याची चाल कायद्याने बंद व्हावी. मजूर स्त्रियांना हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई आणि निवृत्तिवेतन मिळावे. मुलींसाठी वसतिगृहे निघावीत. बाबासाहेबांनी तेथे सांगितले की, समाजाची प्रगती मी त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, आणि विवाहित मुलीने नवऱ्याची दासी न होता त्याची बरोबरीची मैत्रीण व्हावे.

हे ठराव करणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. तरी घरातील अन्याय हा कायद्याचा आणि म्हणून राजकारणाचा प्रश्न आहे, हे त्यांना उमगले होते. पुढे बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले, ते रखडविले गेले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला; त्या राजीनाम्याच्या कारणांत हे बिल एक ठळक कारण होते. १९५५ च्या विवाह कायद्याने एकपत्नीत्व आणि घटस्फोट आला. १९५६ च्या जून महिन्यातील वारसा कायद्याने मृत बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. नागपूरच्या मंडपातील ठराव अशा रीतीने तेरा-चौदा वर्षांत देशाचा कायदा झाला. ज्या शहरात सुलोचनाबाईंनी घटस्फोटाचा हक्क मागितला, त्याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या आजा-पणजांनी दीक्षा घेतली. दीक्षा घेताना हे दोन्ही कायदे अस्तित्वात होते, हे ध्यानात ठेवा.

हक्कसोड पत्र

आणि आज आपण काय करतो? बाप मरतो. फेरफाराची वेळ येते. भाऊ बहिणीला सासरहून बोलावून आणतात, पुरणपोळी करतात, लुगडे नेसवितात, आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोड पत्रावर तिचा अंगठा घेतात. कागदावर लिहिलेले असते, “मी राजीखुशीने व प्रेमापोटी हक्क सोडीत आहे.” असे कागद मी पाहिले आहेत. मी विचारतो, हे प्रेम एकाच बाजूने का वाहते? बहिणीच्या प्रेमापोटी भावाने हक्क सोडल्याचा दस्त आपण किती पाहिले?

९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी जन्मतः मुलाप्रमाणे हिस्सेदार झाली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, त्या दिवशी बाप हयात असण्याची अट नाही. आता यावर जे आक्षेप घेतले जातात ते पाहू.

पहिला आक्षेप असा की, “दोन एकर कोरडवाहू, त्यातही खारपाणाची, तिचे तुकडे किती करावे?” जमीन थोडी आहे हे खरे. परंतु दोन एकरांत तीन भावांचे तुकडे पडताना हा विचार आपल्या मनात येत नाही. बहीण आली की मात्र अर्थशास्त्र आठवते. शिवाय हिस्सा म्हणजे बांध घालणेच नव्हे. सातबाऱ्यावर नाव राहू द्या, कसणाऱ्याने कसावे, उत्पन्नाचा हिशोब व्हावा.

दुसरा आक्षेप असा की, “तिच्या लग्नात दिले ना!” ज्याला आपण दिले म्हणता, तो हुंडा आहे, आणि हुंडा देणे-घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. तो पैसा मुलीच्या हाती गेला नाही, व्याह्याच्या हाती गेला. एक गुन्हा करावयाचा आणि त्याच गुन्ह्याच्या पावतीवर दुसरा अन्याय करावयाचा, हा कोणता न्याय?

तिसरा आक्षेप असा की, “आम्ही बौद्ध, मग हिंदू नावाचे कायदे आम्हांस का?” या कायद्यांच्या दुसऱ्या कलमाने बौद्ध, जैन व शीख यांना ते लागू केलेले आहेत. कायद्याच्या नावाने तुमचा धर्म बदलत नाही. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह व वारसा कायदा मागावयाचा असेल तर अवश्य मागा. ती मागणी रास्त आहे. पण तोपर्यंत बहिणीला वाटा देताना “आम्ही हिंदू नाही” आणि भावाच्या नावे फेरफार करून घेताना तोच कायदा, हे दुटप्पीपण चालणार नाही.

भूमिहीनांच्या लढ्याची परंपरा सांगणाऱ्यांनी तर याचा अधिक विचार करावा. ६ डिसेंबर १९६४ रोजी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली, आणि त्यांत स्त्रियाही होत्या. ज्या जमिनीसाठी आपल्या आया-आज्या तुरुंगात गेल्या, तिच्या उताऱ्यावर त्यांच्या नातींचे नाव नको, असे म्हणणाऱ्याने दादासाहेबांच्या तसबिरीला हार घालण्याआधी थोडे थांबावे. हयातीतच पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावावयाचे असेल, तर पतीच्या अर्जावर ते लागावे अशी तरतूद शासनाने १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती या नावाने केलेली आहे. योजनेचे नाव आपल्याला रुचो वा न रुचो, तिचा उपयोग मात्र करून घ्यावा.

लग्नाचा मंडप

लग्नासंबंधी दोन शब्द. बाबासाहेबांनी साधा विवाहविधी दिला. त्रिशरण, पंचशील, परस्परांच्या प्रतिज्ञा आणि पुष्पहार. भट नाही, मुहूर्त नाही, कर्ज नाही. आज आपण भट काढला आणि त्याच्या जागी डी.जे. आणून बसविला. मुहूर्त काढला आणि सावकार ठेवला. मंडपात बुद्धवंदना आणि मंडपामागे दारूची बाटली, हे दृश्य काही आपल्याला नवे नाही. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, हे प्रत्येकाला पाठ असते; ती पाळण्याचा प्रश्न निघाला की मात्र आपण ती घरगुती बाब ठरवितो. दारूचा मार खाणारी बाईच सांगेल ती घरगुती बाब आहे की काय ते.

कायद्याच्या दृष्टीने एक सावधगिरीची सूचना करतो. १९५५ च्या कायद्याचे सातवे कलम पक्षकारांच्या रूढीप्रमाणे झालेला विधी मान्य करते. सप्तपदी सर्वांना सक्तीची नाही. परंतु विधी झाल्याचा पुरावा हवा. १९६५ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, दुसऱ्या लग्नाचे आवश्यक विधी सिद्ध झाले नाहीत म्हणून, नवऱ्याला द्विभार्या गुन्ह्यातून मुक्त केले. आणि १९ एप्रिल २०२४ रोजी त्याच न्यायालयाने सांगितले की, विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने लग्न होत नाही. म्हणून दोन्ही करा. विधी करा, साक्षीदारांच्या व बौद्धाचार्यांच्या सह्या घ्या, छायाचित्रे जपून ठेवा, आणि विवाह नोंदणीही लगेच करा. नवऱ्याने टाकलेली मुलगी पोटगीसाठी न्यायालयात उभी राहते, तेव्हा “हे लग्नच नव्हे” असा पहिला वार तिच्यावर होतो. जेवणावळीवर लाख रुपये उडविणारा बाप त्या दिवशी एका कागदासाठी रडतो.

दाराशी येणारा प्रगणक

शेवटी, घर हेच राजकारण कसे असते याचा सर्वांत मोठा पुरावा आकड्यांत पाहा. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ च्या जनगणनेत ते २७ लाख ८९ हजारांवर गेले. २०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाख ३१ हजार, म्हणजे देशातील ८४ लाख ४३ हजार बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक. हे आकडे कोणत्या सभेत मोजले गेले? कोणत्याही नाही. ते दाराशी मोजले गेले. प्रगणक आला, घरातील माणसाने धर्म सांगितला, त्याने लिहून घेतला. पुरुष शेतावर वा कामावर गेलेला असेल, तेव्हा ते उत्तर बाईने दिलेले असणार. बौद्ध धर्माची ही नोंद अशी उंबरठ्यावर झालेली आहे.

२०२७ च्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली, आणि तिच्यात जातीचीही गणना होणार असे ठरले आहे. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी येथे गोंधळून जाऊ नये. धर्म “बौद्ध” हे उत्तर ठामपणे द्यावे, आणि अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र असेल तर त्यातील जात तशीच सांगावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. १९५६ ते १९९० या चौतीस वर्षांत धम्म स्वीकारल्याची किंमत केंद्राच्या सवलती गमावून एका पूर्ण पिढीने मोजली आहे. आता धर्म आणि सवलत यांत निवड करण्याची सक्ती राहिलेली नाही. जात सांगणे म्हणजे जात मानणे नव्हे. ज्या अन्यायाची भरपाई मागावयाची, त्या अन्यायाचे नाव कागदावर असावे लागते. ही समज घरातील प्रत्येक स्त्रीला, म्हाताऱ्या आईला आणि शाळकरी पोरीला हवी. प्रगणक पक्षाध्यक्षाच्या बंगल्यावर उत्तर विचारावयास जाणार नाही.

“समाज फुटेल” असे म्हणणाऱ्यांना

अशा गोष्टी छापल्याने शत्रूला हसू येईल, समाज फुटेल, असे काही वडीलधारे म्हणतील. त्यांचा मी आदर करतो. परंतु त्यांचे म्हणणे मान्य करीत नाही. हिंदू धर्मातील विषमता उघड्यावर मांडली तेव्हा सनातन्यांनी बाबासाहेबांना हेच सांगितले होते. घरचे झाकून ठेवा, हा सल्ला नेहमी ज्याचे चालते तोच देतो. ज्याच्यावर चालते तो असा सल्ला देत नाही. बहिणीचा वाटा तिला दिल्याने समाज फुटत असेल, तर तो एकसंध होता तो तिला गप्प बसवून, आणि अशा एकीला बळ म्हणता येत नाही. गावकरीही आपल्याला नेमके हेच सांगत आले की, तुम्ही गप्प राहा म्हणजे गावात एकी राहील.

भगिनींनो, आपल्यालाही एक विनंती आहे. कोणी देईल तेव्हा घेऊ, असे म्हणून थांबू नका. नागपूरच्या मंडपात बसलेल्या स्त्रियांनी नवऱ्याची परवानगी मागून घटस्फोटाचा ठराव केला नव्हता.

तेव्हा हा अंक हाती पडल्यापासून पुढील अंक येईपर्यंतच्या पंधरा दिवसांत प्रत्येक घराने इतके करावे. एक साधी वही घालावी. गावात कोणी दळण नाकारले, पाण्यावर अडविले, जातीवरून बोलले, तर तारीख, वेळ, शब्द आणि हजर असलेल्यांची नावे त्या वहीत त्याच दिवशी लिहावीत. लिहिता न येणारीने सांगावे आणि शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहावे. तक्रार नोंदविली तर प्रथम खबरेची प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळण्याचा हक्क फिर्यादीला आहे. तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढावा आणि त्यावर कोणाकोणाची नावे आहेत व कोणाची नाहीत, हे घरातील सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. लग्नाची नोंदणी राहिली असेल तर ती करावी. आणि वस्तीत मोर्चाची बैठक ठरली, तर त्या बैठकीला जितके पुरुष तितक्या स्त्रिया बसतील अशी व्यवस्था करावी. त्या वेळेपुरती भाकरी पुरुषांनी थापावी. हात भाजेल, पण त्याने कोणी मेल्याचे ऐकिवात नाही.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी मुंबईला जावे लागत नाही, एकाही नेत्याची तारीख घ्यावी लागत नाही. समतेचे कलम देशात लागू करण्यास संविधान सभेला जवळजवळ तीन वर्षे बसावे लागले. ते आपल्या घरात लागू करण्यास कोणत्याही सरकारची अधिसूचना लागत नाही.